हिमोग्लोबिन, अ‍ॅसिडिटी आणि आमच्या वन्सं

आपल्या मराठी घरांत ‘अ‍ॅसिडिटी’ या शब्दाइतका राबवून घेतलेला इंग्रजी शब्द दुसरा नसेल. डोकं दुखलं, अ‍ॅसिडिटी. रात्री झोप लागली नाही, अ‍ॅसिडिटी. लग्नातली पंगत उशिरा बसली आणि सासरेबुवा चिडले, तरी अ‍ॅसिडिटीच. पूर्वी याला पित्त म्हणायचे आणि आमसुलाचं सार नाहीतर मोरावळा देऊन विषय मिटवायचे. ती सगळी पोटातली भानगड होती आणि पोटातच राहायची. गेल्या काही वर्षांत मात्र ही अ‍ॅसिडिटी पोटातून वर सरकून थेट रक्तात गेली आहे. “रक्त फार अ‍ॅसिडिक झालंय हो त्यांचं,” असं हल्ली भाजीवाल्यापाशी उभं राहून सहज बोललं जातं.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (सदस्य एकेचाळीस, त्यातले बोलणारे सहा) त्या अर्थाचा एक संदेश अधूनमधून फिरत येतो. मतितार्थ असा की रक्त आम्लधर्मी झालं की त्यात ऑक्सिजन टिकत नाही, ऑक्सिजन नाही म्हणून सगळे रोग, तेव्हा अल्कलाइन पाणी प्या आणि रक्त अल्कलाइन ठेवा. खाली जोडलेले हात आणि एका नोबेल विजेत्याचं नाव.

मी बावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. त्यातली बरीच वर्षं रक्तातल्या वायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, माझ्याकडे असायची. मनगटाच्या धमनीतून काढलेलं रक्त, हेपॅरिन लावलेल्या सिरिंजमध्ये, बर्फात ठेवून वॉर्डबॉय पळत आणायचा. मी आतला हवेचा बुडबुडा काढून नमुना मशीनला लावायची, की दोन-तीन मिनिटांत कागद बाहेर. पीएच, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट. रक्ताची अ‍ॅसिडिटी मी अशी आकड्यांत पाहिली आहे. त्यामुळे या संदेशाबद्दल मला एक मत आहे, आणि आज ते जरा ऐसपैस सांगणार आहे.

तो संदेश साफ खोटा असता तर बरं झालं असतं. तो अर्धा खरा आहे. आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं, हे शंभर टक्के खरं आहे. फक्त ते सोडणं हा बिघाड नाही. हिमोग्लोबिन त्यासाठीच तर ठेवलंय!

उन्हाळ्यात मराठवाड्यात पाण्याचे टँकर जातात ते आठवा. टँकर भरला की कागदावर खेप मांडली जाते. गावाला पाणी मिळतं ते मात्र विहिरीपाशी जाऊन व्हॉल्व्ह उघडला तर. भरलेला टँकर तसाच गावातून फिरून परत गेला तर त्या भरलेपणाचं कौतुक कुणाला? हिमोग्लोबिन हा असा टँकर आहे. फुप्फुसात भरायचं आणि स्नायूंत, मेंदूत, आतड्यांत जाऊन रिकामं व्हायचं. एकाच रेणूला दोन्ही करायचंय. भरताना घट्ट धरायचं, देताना सैल सोडायचं. मग व्हॉल्व्ह कुठे उघडायचा हे त्याला कळतं कसं?

ते 1904 साली कोपनहेगनमध्ये उलगडलं. ख्रिस्तियान बोर या शरीरशास्त्रज्ञाने हासेलबाल्ख आणि क्रोघ या दोन तरुण सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं, की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याच दाबाला रक्त कमी ऑक्सिजन धरून ठेवतं. पुढे लक्षात आलं की यात मोठा हात आम्लतेचाच आहे. पेशी काम करते, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, तो तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथलं एक एन्झाइम त्याचं पाण्याशी लग्न लावून देतं. कार्बोनिक अनहायड्रेज हे त्याचं नाव, आणि वेग असा की एकेक रेणू सेकंदाला लाखांनी लग्नं लावतो. (आमच्या गावच्या गुरुजींना सांगायला हवं.) त्यातून आम्ल तयार होतं, त्याचे हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला ठरावीक जागी चिकटतात आणि रेणूचा आकार किंचित बदलतो. या बदललेल्या आकारात ऑक्सिजनवरची पकड सैल असते. केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झनी 1937 मध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेचं काम हातात घेतलं आणि 1962 चं नोबेल त्यांना त्यासाठी केंड्र्यूंबरोबर विभागून मिळालं. हा आकारबदल अणूंच्या पातळीवर कसा होतो ते समजावून सांगायला त्यांना 1970 साल उजाडलं.

म्हणजे जिथे काम जास्त, तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे आम्ल जास्त, आणि तिथेच व्हॉल्व्ह जास्त उघडा. सिंहगड चढताना मांडीच्या स्नायूंना वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्यांनी केलेला कचरा हाच त्यांचा अर्ज. स्नायू तापलेले असतात, आणि उष्णतेनेही पकड सैल होते, ही वरकडी.

थोडे आकडे देते, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45. फुप्फुसाकडून निघालेलं हिमोग्लोबिन 97-98 टक्के भरलेलं असतं. विश्रांतीत ते परत येतं तेव्हा साधारण 75 टक्के भरलेलं. म्हणजे आपण बसल्या बसल्या फक्त पाव टँकर वापरतो. आता पीएच 7.4 वरून 7.2 वर आणला असं समजू. आम्लाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही, कारण पीएचची मोजपट्टी लॉगची आहे. 0.3 ने आकडा उतरला की हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. या 7.2 ला फुप्फुसातली भरती जेमतेम दोन टक्क्यांनी घटते. पण ऊतींमध्ये, जिथे ऑक्सिजनचा दाब 40 मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे 75 च्या जागी 63-64 टक्केच उरतात. भरताना दोनचं नुकसान आणि देताना अकरा-बाराचा फायदा. एवढ्या फायद्याचा सौदा कुठल्या एलआयसी एजंटनेही मला आजवर सांगितलेला नाही.

तो संदेश लिहिणाऱ्याने यातलं ‘फुप्फुसात दोन टक्के कमी’ एवढंच उचललं आणि उरलेलं टाकून दिलं.

मला वाटतं आपण ऑक्सिजनचा विचार नेहमी साठ्यासारखा करतो. किती आहे? भरलंय ना? 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत तर अख्खा देश बोटाला ऑक्सिमीटर लावून बसला होता. ते यंत्र ज्यांच्या कल्पनेतून 1974 मध्ये जपानात उभं राहिलं ते ताकुओ आओयागी एप्रिल 2020 मध्ये गेले, जगभर त्या यंत्राचा तुटवडा पडत असताना. त्या यंत्राने किती जीव वाचवले हे मी लॅबच्या खिडकीतून पाहिलंय, त्यामुळे त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते सांगतं ते एवढंच, की जे टँकर रस्त्यावर आहेत ते किती टक्के भरलेत. एकूण टँकर किती आहेत हे त्याला माहीत नाही. हिमोग्लोबिन सहा असलेल्या बाईच्या बोटावरही 98 दिसतं. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 15 ते 49 वयातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही. आणि टँकर विहिरीपाशी रिकामा झाला की नाही, हे तर त्या यंत्राला मुळीच कळत नाही.

त्याच दिवसांतली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा, पंचविशीचा, ताप नाही, खोकला नाही, घरातलं कुणी नुकतंच गेलेलं. रात्री साडेअकराला दारात उभा. “काकू, शंभर दाखवतंय, तरी गुदमरतंय. बोटांना मुंग्या आल्यात, डोकं गरगरतंय.” श्वास असा भराभर चाललेला की मलाच दम लागला. त्याच्या आईने डॉक्टरांना फोन लावला, ते येऊन बघून गेले, छाती स्वच्छ. भीतीने श्वास वाढला होता. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त खरोखरच अल्कलाइन होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं. बोटावर शंभर, आणि मेंदूला नेहमीपेक्षा कमी. संदेशातलं ‘अल्कलाइन रक्त’ कसं लागतं ते बघायचं असेल तर हे असं लागतं! (आता कुणी दम लागल्यावर ‘ही भीतीच आहे’ म्हणून घरी बसू नका हं. ते ठरवायचं डॉक्टरांनी.)

या बोर घराण्याची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ख्रिस्तियानचा एक मुलगा नील्स बोर, अणूची रचना सांगणारा, 1922 चं नोबेल. दुसरा हाराल्ड, गणिती, आणि 1908 च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून रौप्यपदक घेऊन आलेला. नातू ओगे, 1975 चं नोबेल. बाप स्वतः मात्र 1911 मध्ये नोबेलविना गेला. आणि त्याचा एक हट्ट होता, की फुप्फुसं ग्रंथीसारखा ऑक्सिजन रक्तात ढकलतात. तो खोडून काढला तो त्याच्याच हाताखाली शिकलेल्या क्रोघने, पत्नी मारीच्या साथीने, 1910 मध्ये. गुरूचं एक काम शंभर वर्षांहून जास्त टिकलं आणि दुसरं शिष्याने त्याच्या हयातीतच मोडलं. आपल्याकडे असं घडलं असतं तर त्या शिष्याच्या पीएचडीचं काय झालं असतं याचा विचार करतेय... असो.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. पोटातल्या बाळाला स्वतःची हवा नसते. वारेमध्ये आईचं रक्त आणि बाळाचं रक्त शेजारून वाहतं, मध्ये पातळ पडदा. बाळ आपला कार्बन डायऑक्साइड आईकडे टाकतं. त्यामुळे त्या जागी बाळाचं रक्त जरासं अल्कलाइन होतं आणि त्याची ऑक्सिजनवरची पकड वाढते. आईचं रक्त त्याच क्षणी जरासं आम्लधर्मी होतं आणि तिची पकड सुटते. एकाच देवाणघेवाणीत दोन्हीकडून काम होतं. बाळाचं हिमोग्लोबिन मुळातच जरा घट्ट पकडीचं असतं, ते वेगळंच. पुस्तकात याला दुहेरी बोर परिणाम म्हणतात. ‘आम्ल वाईट, अल्कली चांगलं’ अशी पाटी लावायची तर ती या पडद्याच्या कुठल्या बाजूला लावणार? आईच्या बाजूला ‘वाईट’ लिहायचं का?

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी आम्लाची एजंट वाटेन. मे 2007 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांच्या तुकडीने एव्हरेस्टवरून उतरताना 8400 मीटरवर थांबून, त्या थंडीत कपडे सारून, मांडीच्या धमनीतून एकमेकांचं रक्त काढलं. चार जणांचे नमुने. ऑक्सिजनचा दाब सरासरी 24.6 मिलिमीटर (आपला 90-100 असतो), हिमोग्लोबिन सरासरी 54 टक्के भरलेलं, आणि पीएच सरासरी 7.53. असा कागद माझ्या मशीनमधून आला असता तर मी आधी वॉर्डला फोन करून पेशंट जिवंत आहे ना ते विचारलं असतं. तिथे रक्त अल्कलाइन होतं आणि ते त्यांच्या कामी आलं. हवाच इतकी विरळ की भरायलाच मारामार. तिथे घट्ट पकड हवी. सपाटीवर, जिथे भरायची ददात नाही, तिथे सोडता येण्याची किंमत जास्त. टँकर कुठे अडकलाय त्यावर सगळं अवलंबून.

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग रक्ताची अ‍ॅसिडिटी चांगलीच की! तर नाही. आणि इथे मला जे म्हणायचंय त्याची धार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी एक नमुना आला. मुलगी सोळा वर्षांची, टाइप वन मधुमेह. पीएच 7.02. मी कागद परत एकदा काढला, तोच आकडा. मागाहून कळलं की कुणा उपचार करणाऱ्याने तिला इन्सुलिन बंद करायला लावलं होतं. ‘रक्तातलं अ‍ॅसिड धुऊन काढायचं’ म्हणून दहा दिवस भाज्यांचे रस आणि अल्कलाइन पाणी. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोनची आम्लं साठतात, रक्त खरोखर आम्लधर्मी होतं, आणि मुलगी धापा टाकत श्वास घेते, कारण आम्ल बाहेर फेकायचा तो एकच रस्ता तिच्या हातात असतो. म्हणजे रक्त अल्कलाइन करण्याच्या नावाखाली त्या पोरीचं रक्त आयुष्यातलं सगळ्यात जास्त आम्लधर्मी करून ठेवलं होतं.

तिला काय दिलं? सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियम, आणि तासातासाला माझ्याकडे नमुना. अल्कली दिली नाही. साधं गणित म्हणतं आम्ल झालंय तर सोडा द्या. डॉक्टर मात्र या आजारात बायकार्बोनेट सहसा देत नाहीत, पीएच साधारण सातच्या खाली घसरला तरच त्याचा विचार होतो. कारणं बरीच आहेत, त्यातलं एक आपल्या विषयाचं. तांबड्या पेशीत फॉस्फेटचा एक पदार्थ असतो, तोही हिमोग्लोबिनची पकड सैल करतो. या आजारात तो कमी झालेला असतो. त्या कमतरतेने पकड घट्ट व्हायला हवी, पण आम्लतेने ती सैल ठेवलेली असते, दोन्ही मिळून तोल राहतो. तुम्ही घाईने आम्ल मारलंत की तोल गेला, हिमोग्लोबिनने मूठ आवळली. इन्सुलिनने मूळ आग विझवायची, मग आम्ल आपल्या गतीने उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पीएच 7.31 होता. मी तो कागद स्वतः वॉर्डात नेऊन दिला, जे माझं काम नव्हतं.

म्हणून माझी तक्रार पाण्याच्या बाटलीबद्दल कमी आहे. पैसे तुमचे, तहान तुमची. पण ‘रक्त अ‍ॅसिडिक आहे’ हे निदान म्हणून सांगितलं जातं, मोजल्याशिवाय, आणि त्याच्या पाठोपाठ कुणाचं तरी औषध बंद होतं. अमेरिकेत ‘द पीएच मिरॅकल’ हे पुस्तक 2002 मध्ये आलं. त्याचा लेखक रॉबर्ट यंग याला विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल 2016 मध्ये कॅलिफोर्नियात दोषी ठरवलं गेलं आणि 2017 मध्ये जवळपास पावणेचार वर्षांची शिक्षा झाली. संदेश अजून फिरतोच आहे. आणि त्याखाली असतं ते नाव ऑटो वारबर्ग यांचं. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं हे खरं. ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधाबद्दल. अल्कलाइन पाण्याचा त्यात काही संबंध नाही.

पाण्याचा हिशोबही करून टाकू, शाळेतल्या रसायनशास्त्रातला आहे. पीएच 9 चं एक लिटर शुद्ध अल्कलाइन पाणी घेतलं तर त्यातला हायड्रॉक्साइड मारायला पीएच 2 चा जठररस किती लागेल? एक मिलिलिटर. चमचाभरही नाही. जठर दिवसाला एक-दोन लिटर रस करतं. पाण्यात क्षार असतील तर थोडी भर पडेल, पण त्या न्यायाने आमच्या माहेरच्या बोअरचं पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, ते पाचशे रुपये लिटरने विकायला हवं.

आणि खाण्यापिण्यातून रोज तयार होणारं जे पक्कं आम्ल मूत्रपिंडांना बाहेर टाकावं लागतं ते पन्नास ते शंभर मिलिमोल. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने रोज जे बाहेर टाकतात ते तेरा ते पंधरा हजार मिलिमोल. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत जे उच्छ्वास टाकलेत त्यांनी आजच्या लिंबूपाण्यापेक्षा जास्त काम केलंय. लघवीत पट्टी बुडवून ‘बघा, अल्कलाइन झाली’ म्हणतात, ते खरं असतं. लिंबानेही होते. मूत्रपिंडांनी जादाचं बाहेर काढलं एवढाच त्याचा अर्थ. रक्त जिथल्या तिथे.

मूत्रपिंडंच थकली असतील तर मात्र ते पन्नास-शंभर मिलिमोल साठत जातात. अशा पेशंटला डॉक्टर सोडा-बायकार्बच्या गोळ्या देतात, रक्तातलं बायकार्बोनेट मोजून. तेव्हा अल्कली हे औषधसुद्धा आहे. फक्त औषधासारखं, मोजून.

आता वन्सं. आमच्या थोरल्या वन्सं सांगलीला असतात, वय एकाहत्तर, ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू. गेल्या दिवाळीत पायाला सूज दिसली म्हणून विचारलं, तर कळलं की तीन महिन्यांपासून सकाळी उपाशीपोटी अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यातून चालू आहे. मशीनही घेतलेलं, पण “वीज गेली की पंचाईत, म्हणून सोडा.”

“वन्सं, अर्ध्या चमच्यात सहाशे मिलिग्रॅमवर सोडियम जातं. अख्ख्या दिवसाला दोन हजारांच्या आत ठेवा म्हणतात. मीठ कमी करायला तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

“मीठ कुठे, वहिनी? हा सोडा आहे.”

“सोडियम दोन्हींत एकच.”

“पण रक्तातला ऑक्सिजन वाढतो म्हणे त्याने.”

मग मी त्यांना टँकरची गोष्ट सांगितली. त्यांचं लग्नाआधीचं आयुष्य माझ्या सासरच्याच गावी गेलं, जतच्या बाजूला, टँकरच्या रांगेत त्यांनी हंडे धरले आहेत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मध्येच म्हणाल्या, “म्हणजे तो ड्रायव्हर, सरपंचाच्या दारात पाइप सोडायचा आणि आमच्या आळीत यायच्या आत व्हॉल्व्ह बंद. टँकर निम्मा भरलेला परत.” मी म्हटलं, हो, तस्संच, अल्कलाइन रक्त म्हणजे तो ड्रायव्हर. यावर त्या बराच वेळ त्या ड्रायव्हरबद्दलच बोलत होत्या. पन्नासएक वर्षांचा राग होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याने डॉक्टरांकडे नेलं. सोडा बंद, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट तपासलं, दोन्ही वयाच्या मानाने ठीक निघालं. सूज पंधरवड्यात उतरली. मशीन ओट्यावर आहे, अठ्ठावन्न हजारांचं आहे, ते कुणाला काढू देत नाहीत. सोड्याचा डबा ढोकळ्यासाठी वरच्या फळीवर गेला.